गंगाजळी आणि हातची रोकड

हजीरा, ग्वाल्हेर येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर



देवस्थानच्या वार्षिक सभेत अहवालवाचन चालू असता बहुतेकांचे कान एकाच आकड्याकडे लागलेले असतात. तो आकडा म्हणजे 'अखेर शिल्लक'. जमाखर्चाच्या बाबी वाचल्या जात असताना पानसुपारीचे तबक फिरत असते, मुले मंडपात धावत असतात. परंतु खजिनदारांनी हे दोन शब्द उच्चारले की सभा क्षणभर स्तब्ध होते. आकडा मोठा असला की सर्वांना समाधान वाटते आणि लागलीच कोणीतरी उठून सभामंडपाच्या नूतनीकरणाचा किंवा नव्या अग्रशाळेचा ठराव मांडतो. त्या शिलकेत काय काय धरले आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आज मला त्याच प्रश्नाविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. विषय रुक्ष आहे हे मी जाणतो. कीर्तन आणि आरती यांच्या मध्ये जमाखर्चाचे पुराण लावणे हा एक प्रकारे रसभंगच होय. पण या रुक्ष प्रश्नापायी माणसांची अब्रू गेलेली मी पाहिली आहे, म्हणून हे धाडस.

माझ्या माहितीतील एका देवस्थानची हकिगत अशी. नाव सांगण्याचे कारण नाही. त्या वर्षीच्या अहवालात ४० लाखांची शिल्लक दाखविली होती. पावसाळ्यात गर्भगृहाच्या छपरास गळती लागली, दुरुस्ती अडली, आणि पुजारी, वाजंत्री व झाडलोट करणाऱ्या बायका यांचे दोन महिन्यांचे वेतन थकले. महाजनांत कुजबुज सुरू झाली की ४० लाख गेले कोठे? वास्तविक एक पैही कोठे गेली नव्हती. ३० लाख पाच वर्षांच्या मुदत ठेवीत होते, आणि त्यांतील बहुतेक रक्कम कायम निधीची, म्हणजे जिच्या केवळ व्याजालाच हात लावावयाचा अशी होती. ६ लाख रुपये देणगीदारांनी रथाच्या जीर्णोद्धारासाठी म्हणून नेमून दिलेले होते. २ लाखांच्या निरनिराळ्या मंडळींनी लिहून दिलेल्या उचलीच्या चिठ्ठ्या होत्या. १ लाख २० हजारांचे पुढील तारखांचे धनादेश होते. राहता राहिले ८० हजार, आणि तेवढ्यावर देवस्थानचा गाडा चालावयाचा होता! खजिनदार पिढीजात सचोटीच्या घराण्यातले. त्यांनी लबाडी काडीमात्र केली नव्हती. या सर्व रकमा त्यांनी एका ओळीत, एका शब्दाखाली मांडल्या होत्या, एवढेच. पुढे चौकशीत सारे निभावले. पण त्या गृहस्थांनी उत्सवाला येणेच सोडले, ते अखेरपर्यंत.

आपल्या जुन्या जमाखर्चात अशी गल्लत होऊ नये याची तजवीज शब्दांतच करून ठेवलेली होती. पेशवाईतील दप्तरात 'नक्त' आणि 'ऐन जिन्नस' हे वेगवेगळे मांडीत. रोख तेवढे नक्त. भात, तेल, नारळ, कापड हे ऐन. कोठारात भाताच्या राशी असल्या तरी वाजंत्र्यास रोख वेतन द्यावयाचे तर ते भात आधी विकले पाहिजे, आणि कोणत्या भावाने विकले जाईल हे विकेपर्यंत ठाऊक नसते. कामासाठी आगाऊ दिलेली रक्कम 'तसलमात' म्हणून निराळी राही. हिशेब येईपर्यंत ती धड खर्च नव्हे आणि धड शिल्लकही नव्हे. सावकारी पेढ्यांवर तर याहून सूक्ष्म विवेक होता. हुंडी दोन प्रकारची असे. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मोजावे लागत. मुदती हुंडीचे पैसे ठरलेले दिवस लोटल्यावर मिळत. दर्शनी हुंडी हाती असणे म्हणजे रोकड हाती असण्याजोगेच. मुदती हुंडी आज वटवावयाची तर आडतीस काही सोडावे लागे. आणि दोन्ही हुंड्यांची खरी किंमत अखेर ज्याच्या नावावर ती लिहिली त्या पेढीच्या पतीवर अवलंबून. आजच्या लेखाशास्त्राने रोख कशास म्हणावे याविषयी जे नियम केले आहेत, त्यांतील बहुतेक मर्म या दोन हुंड्यांत सामावलेले आहे.

ते नियम आता थोडक्यात सांगतो. पूर्वी कंपन्यांच्या हिशेबात 'निधी' असा मोघम शब्द चाले. आपल्या देशातील सनदी लेखापालांच्या संस्थेने १९८१ साली काढलेले तिसरे लेखामानक आर्थिक स्थितीतील बदलांविषयी होते, आणि त्या काळच्या पद्धतीत निधी म्हणजे केवळ रोकड असे बंधन नव्हते. खेळत्या भांडवलालाही निधी म्हणत, आणि त्यात उधारीचे येणे व गोदामातील माल हेही आले. अमेरिकेत डब्ल्यू. टी. ग्रँट नावाची दुकानांची मोठी साखळी १९७५ साली दिवाळखोरीत गेली. कागदावर ती बरीच वर्षे नफा दाखवीत होती, खेळते भांडवलही दिसत होते. पण त्यांतील पुष्कळसे उधारीत आणि मालात अडकलेले, रोकड मात्र व्यवसायातून येतच नव्हती. अशा अनुभवांनंतर अमेरिकेत १९८७ साली, आंतरराष्ट्रीय मानकात १९९२ साली आणि आपल्याकडे १९९७ साली तो मोघम 'निधी' बाजूस सारून रोख प्रवाहाचे विवरणपत्र आले. त्यासाठी 'रोख' आणि 'रोखतुल्य' या दोन शब्दांची व्याख्या करणे भाग पडले.

रोख म्हणजे हातातील नाणी-नोटा आणि बँकेतील अशी ठेव की जी मागताक्षणी मिळते; ही झाली आपली दर्शनी हुंडी. रोखतुल्य म्हणजे अशी अल्प मुदतीची गुंतवणूक, की जिचे सहज पैसे होतात, किती होतील ती रक्कम ठाऊक असते, आणि त्या रकमेत चढउताराचा धोका नगण्य असतो. शिवाय ती गुंतवणूक जवळच्या देण्यांच्या सोयीसाठी ठेवलेली हवी, कमाईसाठी केलेली नव्हे. अल्प मुदत म्हणजे सर्वसाधारणपणे तीन महिने. येथे एक बारकावा आहे आणि पुष्कळ खजिनदार तेथेच चुकतात. हे तीन महिने ताळेबंदाच्या तारखेपासून मोजावयाचे नसून गुंतवणूक घेतल्या दिवसापासून मोजावयाचे. पाच वर्षांची ठेव ३० एप्रिलला पूर्ण होणार असेल, तर ३१ मार्चला तिचा एकच महिना उरला म्हणून ती रोखतुल्य होत नाही. ती गुंतवणूक म्हणून जन्मली आणि पैसे हातात येईपर्यंत गुंतवणूकच राहते. कोणी म्हणेल, मुदतीपूर्वी मोडता येते की! येते, पण व्याज कापून घेतले जाते, आणि मोडण्याच्या हेतूने आपण ती ठेवलेली नसते. कंपन्यांच्या हिशेबातही अशा ठेवी 'इतर बँक शिल्लक' म्हणून वेगळ्या दाखवितात. शेअर तर सामान्यतः वर्ज्य, कारण उद्याचा भाव आज कोणी सांगू शकत नाही.

असो. नियमांचे हे चऱ्हाट पुरे. आपण बसलो आहोत ते गाव या विषयाची मोठीच पाठशाळा आहे.

जीवबादादा बक्षी, लखबादादा लाड यांच्यासारखी कर्ती माणसे शिंद्यांच्या चाकरीत नावारूपास आली, आणि तिकडच्या आपल्या कित्येक घराण्यांनी उत्तरेची वाट धरली. त्या लष्करी जीवनातील रोजचा प्रश्न रोकडीचाच होता. मुलूख मोठा, महसुलाचे आकडे मोठे, पण शिपायाची तलब नक्त हवी. १७८७ साली लालसोटच्या मोहिमेत पगार थकल्यामुळे महादजी शिंद्यांच्या बाजूची हिंदुस्थानी फौज तोफांसह प्रतिपक्षास जाऊन मिळाली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. महादजींच्या नावावर त्या दिवशी प्रांतच्या प्रांत होते. शिपायाच्या हातावर ठेवावयास रुपया नव्हता.

पुढे याच घराण्याने राखीव खजिना साठविण्याची शिस्त घालून घेतली. त्या खजिन्याला नाव होते 'गंगाजळी'. आज मराठी वर्तमानपत्रे देशाच्या परकीय चलनाच्या साठ्यालाही 'गंगाजळी' म्हणतात, तेव्हा या शब्दाशी ग्वाल्हेरचे नाते किती जणांच्या ध्यानी येते कोण जाणे! १८५८ च्या जूनमध्ये रावसाहेब, तात्या टोपे आणि झाशीच्या राणीसाहेब यांनी ग्वाल्हेर घेतले, जयाजीराव आग्र्याकडे निघून गेले, आणि खजिना उघडून फौजेची तलब वाटण्यात आली. खजिना सांभाळणारे अमरचंद बांठिया यांना इंग्रजांनी त्याच महिन्यात लष्करच्या सराफ्यात झाडाला टांगून फाशी दिले. राखीव निधी कोणी, कोणाच्या हुकुमाने आणि कोणत्या कारणासाठी उघडावा, हा प्रश्न केवळ कारकुनी नाही, हे त्या सराफ्यातून जाताना मला नेहमी आठवते.

जयाजीराव १८८६ साली निवर्तले. गंगाजळीचे गुपित एका राज्यकर्त्याने दुसऱ्याला सांगावयाचे, अशी रीत होती म्हणतात. वारस माधवराव तर त्या वेळी नऊ वर्षांचे बालक. तळघरांच्या शोधाच्या अनेक कथा इथे घरोघर सांगतात, त्या मी सोडून देतो. नोंदीतील गोष्ट अशी की, १८८७ साली ग्वाल्हेर दरबाराने इंग्रज सरकारला साडेतीन कोटी रुपयांचे कर्ज दिले. पुरून ठेवलेले रुपये स्वभावाने रोख खरे, नाणीच ती! पण ठिकाण ठाऊक नसेल, मोजदाद नसेल, तर ती रोकड देणे भागविण्याच्या कामाची नाही. आणि कर्जाऊ दिल्यावर तेच धन व्याज देऊ लागले, पण मागताक्षणी मिळणारे राहिले नाही. संपत्ती एकच, तिची जात मात्र बदलली.

गंगाजळी असू नये असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. कायम निधी हा देवस्थानचा कणा आहे, आणि तो राखणाऱ्या पूर्वजांचे उपकार आपल्यावर आहेत. माझे म्हणणे एवढेच की गंगाजळीस गंगाजळी म्हणावे, तिला हातची रोकड म्हणू नये.

याच हजीऱ्याच्या शेजारी बिर्लानगर आहे. १९२१ साली सुरू झालेल्या जियाजीराव कॉटन मिलचा, म्हणजे आपल्या जे. सी. मिलचा भोंगा या वस्तीतील घरांचे घड्याळ होता. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मिल बंद पडली. जमीन होती, इमारती होत्या, यंत्रे होती; कागदोपत्री त्यांची किंमत थोडी नव्हती. पण कामगारांची थकलेली देणी दशकानुदशके लोंबकळत राहिली, आणि कित्येक जण वाट पाहता पाहता गेले. इंदूरच्या हुकुमचंद मिलचे उदाहरण तारखांनिशी सांगता येते. ती १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद झाली, आणि सुमारे ४,८०० कामगारांच्या सुमारे २२४ कोटी रुपयांच्या देण्याचा धनादेश सुपूर्त झाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. मधली बत्तीस वर्षे ती जमीन जागच्या जागी, सर्वांच्या डोळ्यांसमोर होती! जमिनीचे पैसे व्हावयास ग्राहक लागतो, न्यायालय लागते, सरकारची मान्यता लागते. ताळेबंदात तिचा आकडा आणि रोकडीचा आकडा एकाच बाजूस, एकाच रुपयात लिहिलेले असतात, म्हणून बघणाऱ्याला ते सारखे वाटतात. कामगाराच्या घरात ते सारखे नसतात.

आता काही जण म्हणतील, निदान बँकेतील चालू व बचत खाते तर निर्विवाद रोख ना? सामान्यतः होय. पण पेढीच्या पतीची जुनी अट येथेही सुटत नाही. पुण्याची रुपी सहकारी बँक १९१२ सालची. तिच्यावर २०१३ साली निर्बंध आले आणि २०२२ साली तिचा परवाना रद्द झाला. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारास आरंभी सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येत होते. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या बँकेचे दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झाले, तरी मोठ्या ठेवींची फेड वर्षानुवर्षांच्या हप्त्यांवर गेली. पासबुकात आकडा तोच. पण ज्या दिवशी मागताक्षणी मिळणे थांबले त्या दिवशी ती रक्कम रोख राहिली नाही. ठेवविम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदारास एका बँकेत पाच लाख रुपयांची झाली आहे. देवस्थानची सारी रक्कम ओळखीच्या एकाच बँकेत ठेवणारांनी हा आकडा ध्यानी ठेवावा.

खुद्द नोटेचीही कथा याहून निराळी नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा चलनातून गेल्या. देशातील चलनी नोटांच्या मूल्याचा सुमारे ८६ टक्के भाग तो. बँकेत भरण्याची मुदत ३० डिसेंबरला संपली. त्यानंतर उघडलेल्या दानपेटीत निघालेली हजाराची नोट ही भक्ताची भावना म्हणून मोलाची असेल, हिशेबात ती कागद होती. पुढे कायद्याने अशा दहाहून अधिक नोटा बाळगण्यासही मनाई केली. तेव्हा रोकड ही वस्तूत नसून वस्तूने आज काय करता येते यात असते.

सोन्याचांदीचे काय, असा प्रश्न भगिनीवर्गातून हमखास येतो. १७६० साली दिल्ली घेतल्यावर सदाशिवरावभाऊंनी दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून तिचे रुपये पाडले; सुमारे नऊ लाख भरले म्हणतात, आणि फौजेच्या खर्चात ते पाहता पाहता संपले. ते छत काल वैभव होते. टाकसाळीतून बाहेर आल्यावर रोकड झाले. गोमंतकातील कित्येक कुटुंबांनी बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु या पोर्तुगीज बँकेत तारण ठेवलेले दागिने लिस्बनला गेले आणि १९९१ साली परत आले. तीस वर्षे ते सोने सोनेच होते, पण मुलीच्या लग्नाला उपयोगी पडले नाही. श्रींची पालखी, प्रभावळ, मुखवटा यांची नोंद वजनासह अलंकारांच्या नोंदवहीत असावी, दरवर्षी समक्ष पडताळावी. रोकडीच्या ओळीत त्यांची किंमत मिळवू नये. ती मोडून पगार करण्याची वेळ कोणा मंडळावर येऊ नये, आणि तसा विचार करण्याची सवयही लागू नये.

नेमून दिलेल्या देणगीचा प्रश्न थोडा नाजूक आहे. रथासाठी दिलेले सहा लाख बचत खात्यात असतील, तर ते मागताक्षणी मिळतात. मग ते रोख की नव्हे? आंतरराष्ट्रीय मानकाचा अर्थ लावणाऱ्या समितीने २०२२ साली अशाच प्रश्नावर मत दिले, की दुसऱ्याशी झालेल्या करारामुळे वापरावर बंधन आले, एवढ्याने मागताक्षणी मिळणारी ठेव रोख असण्याचे थांबत नाही; पण ते बंधन वाचणाऱ्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. मला हे मत पटते. मात्र देवस्थानच्या अहवालात हा खुलासा मागच्या पानावरील बारीक टिपेत ढकलू नये. 'बँकेत अमुक, पैकी रथासाठी अमुक' असे त्याच ओळीत लिहावे. 'पैकी' हा लहानसा शब्द वर सांगितलेल्या खजिनदारांची अब्रू राखता. गोव्यातील देवस्थानांचा कारभार १९३३ सालच्या पोर्तुगीजकालीन नियमावलीखाली चालतो आणि सरकारी अधिकाऱ्याची नजर हिशेबावर असते. पण अधिकाऱ्याच्या नजरेपेक्षा परगावच्या महाजनाची नजर मला महत्त्वाची वाटते. ग्वाल्हेरात, मुंबईत किंवा परदेशात बसलेल्या कुटुंबापर्यंत वर्षाकाठी एकच कागद पोचतो, आणि त्यावरूनच ते कुटुंब देणगी पाठवावी की नाही हे ठरविते.

किरकोळ बाबी झटपट सांगतो. ३१ मार्चला हाती आलेला, त्याच किंवा आधीच्या तारखेचा धनादेश रोकडीत धरण्यास हरकत नाही. पुढील तारखेचा धरू नये. पेटीतील टपाल-तिकिटे ही रोकड नव्हे. परदेशस्थ महाजनांनी दिलेले डॉलर रोकड खरे, पण त्या दिवशीच्या दराने रुपये करून लिहावे. उचलीची चिठ्ठी कितीही मोठ्या माणसाची असो, ती येणे आहे. आणि माणूस जितका मोठा तितकी ती वसूल होण्यास उशीर लागतो, असा माझा तरी अनुभव आहे.

राहिली दानपेटी. बंद दानपेटीतील पैसे देवस्थानचेच, आणि नाणी-नोटा असल्याने रोखही. पण रक्कम किती हे कोणालाच ठाऊक नाही, मग ती लिहावयाची कशी? कित्येक ठिकाणी पेटी उत्सवानंतर उघडतात आणि मार्चमधील दान पुढल्या वर्षात जाते. माझी विनंती अशी की, ३१ मार्चच्या सायंकाळी, शेजारतीपूर्वी, कार्यकारी मंडळाबाहेरच्या दोन महाजनांसमक्ष पेटी उघडावी, नोटा व नाणी प्रकारवार मोजावी, मोजणीच्या कागदावर चौघांच्या सह्या घ्याव्या, आणि तो कागद त्याच रात्री रोजकीर्दीला टाचून ठेवावा.